वहीतून गळलेला शब्द

नोव्हेंबर अर्धा सरला की दिल्लीत सूर्य पांढरा दिसू लागतो. डोळे न मिचकावता त्याच्याकडे बघता येतं, इतका तो निरुपद्रवी होतो. द्वारकेतल्या माझ्या सातव्या मजल्यावरून आधी समोरची सोसायटी दिसेनाशी होते, मग रस्त्यापलीकडचं कडुनिंबाचं झाड, मग रस्ता. घसा सतत खरवडल्यासारखा होतो. माझ्या मुलीला शाळेला सुट्टी मिळते. ‘धुरकं’ हा शब्द तिला येत नाही, आणि मला तो तिला शिकवावासा वाटत नाही. काही गोष्टींना घरातलं नाव नसलेलंच बरं.

मी केंद्र सरकारच्या एका कार्यालयात सेक्शन ऑफिसर आहे. गेल्या नोव्हेंबरात नेहमीप्रमाणे वरून आदेश आला की हवा सुधारेपर्यंत निम्म्या कर्मचाऱ्यांनीच कार्यालयात यावं, बाकीच्यांनी घरून काम करावं. माझे सहायक सचदेवा हजेरीचा तक्ता घेऊन आले. तक्त्यात येणारी नावं रोज तीच पाच होती. पाचही जण कंत्राटी. घरी राहणारेही रोज तेच, आणि त्यात पहिलं नाव सचदेवांचं.

“रोज हेच पाच?” मी विचारलं.

“मॅडम, ऑर्डर में पचास परसेंट लिखा है,” सचदेवा हसत म्हणाले. “कौन से पचास, ये कहाँ लिखा है?”

मीही हसले. वाक्य चलाख होतं आणि तक्ता नियमात बसत होता. मी सही केली.

संध्याकाळी मेट्रोत उभी असताना ते वाक्य पुन्हा आठवलं, पण सचदेवांच्या आवाजात नाही. माझ्याच आवाजात, मराठीत. बारा-तेरा वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात, मुखर्जीनगरच्या एका खोलीत, अशाच पांढऱ्या दुपारी मी ते बोलले होते आणि मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

तेव्हा आम्ही चौघं स्पर्धा परीक्षेची तयारी करायला महाराष्ट्रातून आलेलो होतो. मी हिंगोलीची. रोशनी वाशिमची, माझी खोलीतली जोडीदार. इरफान औशाचा, प्रशांत यवतमाळजवळच्या दारव्ह्याचा. ते दोघं आमच्याच गल्लीत, तीन घरं सोडून राहत. दिवसभर आम्ही एकाच अभ्यासिकेत बसायचो, एकाच मेसमध्ये जेवायचो आणि बोलणं मात्र फार थोडं व्हायचं, कारण प्रत्येकाच्या डोक्यात कुठलं ना कुठलं कलम घोळत असायचं. त्या हिवाळ्यात अभ्यासिकेच्या खिडक्या ओल्या टॉवेलांनी बंद केलेल्या होत्या. तरी आत धूर यायचाच. कोणीतरी खोकलं की सगळी रांग खोकायची.

रविवारी सकाळी सराव परीक्षा असायची. दुपारी मात्र काही न करण्याची मुभा आम्ही स्वतःला दिली होती, आणि त्या मोकळ्या दुपारी इरफानने खेळ आणला.

खेळ सांगायला सोपा आहे. एक जण सूत्रधार होतो. तो एक जग रचतो, त्यातली गावं, किल्ले, शत्रू, हवामान, सगळं. बाकीचे त्या जगातलं एकेक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो की समोर काय आहे, खेळाडू सांगतात की आपलं पात्र काय करतं, आणि ते जमलं की नाही हे फासा ठरवतो. शेवटी कुणी जिंकत नाही. गोष्ट पुढे जाते, एवढंच. इरफानने हे पुण्यात कॉलेजात असताना पाहिलं होतं. नियमांचं जाडजूड इंग्रजी पुस्तक त्याने झेरॉक्स करून स्पायरल मारून आणलं होतं. मुखर्जीनगरात त्या काळी कशाचीही झेरॉक्स मिळायची. पण रोशनीला इंग्रजी वाचताना वेळ लागायचा, म्हणून इरफानने ते सगळं एका लांब वहीत मराठीत उतरवलं. आयोगाच्या परीक्षेला निघालेला माणूस दोन महिने पऱ्या आणि राक्षसांचं भाषांतर करत बसतो, यावर प्रशांत त्याला चिडवायचा. इरफान म्हणायचा, “भाषांतराचा पेपर आहे ना आपल्याला. त्याचीच तयारी चाललीय.”

खेळ इरफान-प्रशांतच्या खोलीत चालायचा. तिथे टेबल नव्हतं. पानिपतचं एक जाड, चौकटींचं ब्लँकेट होतं. इरफान ते फरशीवर पसरायचा आणि एक चौकट म्हणजे पाच पावलं, असं धरायचा. पानिपत म्हटलं की मराठी माणूस उगाच गंभीर होतो. आमच्यासाठी ते ब्लँकेटचं गाव होतं. त्या चौकटींवर आमच्या राज्याचे रस्ते, पूल आणि दलदली असायच्या. इरफान रोज सकाळी हिंदूरावच्या रिजवर, जवळच्या जंगलाच्या टेकडीवर, फिरायला जायचा. तिथली एखादी पडकी भिंत, माकडांची टोळी, वाळलेला ओढा तो बघून यायचा आणि रविवारी तेच आमच्या राज्यात उगवायचं. राजम्याचे दाणे म्हणजे शत्रू. प्रशांतचा मांत्रिक म्हणजे पेनाचं निळं टोपण. मी धनुर्धर होते, खडूचा तुकडा. रोशनीचं पात्र होतं सावळी नावाची वैदू. त्यासाठी तिने आपल्या स्वेटरचं एक पांढरं बटण तोडून दिलं होतं.

पहिले काही रविवार मला अजून जसेच्या तसे आठवतात. इरफान आवाज न चढवता सांगायचा. “तुम्ही नदीपाशी पोचलात. पलीकडे दिवे दिसतायत.” मग आम्ही विचारत सुटायचो. नदी खोल आहे का? पाणी थंड आहे का? दिवे हलतायत की स्थिर आहेत? रोशनी सगळ्यांत जास्त विचारायची. तिला शत्रूचंही नाव हवं असायचं. एकदा तिने एका पहारेकऱ्याला मारण्याऐवजी त्याच्या सुजलेल्या पायाला लेप लावला, आणि इरफानला पहारेकऱ्याचं अख्खं कुटुंब जागेवर तयार करावं लागलं. प्रशांत वैतागला होता. “अरे यार, एक बाण मारला असता तर पाच मिनिटांत पुढे गेलो असतो.”

“पुढे काय आहे?” रोशनीने विचारलं.

पुढे जे होतं ते इरफानच्या डोक्यात होतं.

प्रशांत वाईट माणूस नव्हता. हे मी त्याच्या बाजूने म्हणत नाही, जसं होतं तसं सांगते. आमच्यापैकी सगळ्यांत हुशार तोच. प्रश्नपत्रिकेत चार पर्याय दिले की त्यातला चुकीचा पर्याय प्रश्न न वाचता ओळखायचा. कुठल्याही मजकुरातली फट त्याच्या डोळ्यांना आधी दिसायची आणि मजकूर नंतर. वही त्याने पाठ केली होती. आणि एका रविवारी त्याला तिच्यात दोन नियम सापडले.

पहिला नियम वैदूच्या मंत्राचा होता. मंत्राचं नाव इरफानने ठेवलं होतं ‘अंगावर घेणे’. साथीदाराला झालेली जखम वैदू स्वतःच्या अंगावर घेऊ शकते. जखम जितकी मोठी तितके तिचे प्राण कमी होतात. प्राण म्हणजे आकडे, प्रत्येक पात्राला ठराविक दिलेले, शून्यावर आले की मरण. दुसरा नियम फक्त वैदूसाठी होता. तिला मरण नाही. प्राण संपले तर ती कोसळते आणि पुढच्या खेळीत एका प्राणासह शुद्धीवर येते. दोन्ही नियम वहीत वेगवेगळ्या पानांवर होते. प्रशांतने ती दोन पानं एकत्र वाचली.

“म्हणजे बघ,” तो उठून बसला, “हिच्याकडे एकच प्राण असला तरी ही केवढीही जखम घेऊ शकते. पडेल, उठेल, पुन्हा घेईल. आपण मरूच शकत नाही!”

आम्ही टाळ्या वाजवल्या. रोशनीनेसुद्धा. आपल्या पात्रात एवढी ताकद आहे याचा तिला आनंद झाला होता. त्या दिवशी ती आपण होऊन पाच-सहा वेळा कोसळली, आणि प्रत्येक वेळी पांढरं बटण आडवं करून हसत होती.

अभ्यासिकेत त्या आठवड्यात मी राज्यघटनेचं एक प्रकरण वाचत होते. कायद्याचे शब्द आणि कायद्याचा हेतू यांतला फरक. मी त्याच्या सुबक नोट्स काढल्या, हेतूखाली दोन रेघा मारल्या. परीक्षेला त्यावर प्रश्न आला असता तर मी दहापैकी आठ गुण घेतले असते.

पुढच्या रविवारी आम्ही दगडी पुलावर अडकलो. राजम्याचे खूप दाणे होते. प्रशांतचा मांत्रिक चांगलाच घायाळ झाला होता, माझेही प्राण निम्म्यावर आले होते. रोशनीची खेळी आली. पुलाच्या टोकाला शत्रूने बांधून ठेवलेली एक म्हातारी होती. इरफानने ती आधीच्या रविवारी नुसती उल्लेखात आणली होती, पण रोशनीने ते लक्षात ठेवलं होतं.

“सावळी त्या म्हातारीकडे जाते,” ती म्हणाली. “दोर सोडते.”

“आत्ता?” प्रशांत ओरडला. “माझी जखम घे आधी! मी पुढच्या फटक्यात मरतो.”

“या वेळी नाही. दरवेळी मी तेच करतेय. मला तिला सोडवायचंय.”

“रोशनी, प्लीज यार.”

“नाही म्हटलं ना.”

तेव्हा वही माझ्या हातात होती. का ते आठवत नाही, बहुधा बाणाचा पल्ला बघत होते. पान तेच उघडं होतं. मी वाचून दाखवलं, “साथीदाराने वैदूला स्पर्श करताच जखम वैदूकडे जाते.” मग वर पाहिलं. “यात वैदूने करायचं काहीच नाहीये. स्पर्श साथीदाराने करायचा. तिची परवानगी लागते असं कुठे लिहिलंय?”

मग प्रशांतने माझ्या तळहातावर इतक्या जोरात टाळी दिली की हात झिणझिणला. “वैशाली! तू आयोगात नको, सुप्रीम कोर्टात जा!”

मी खूश झाले. लपवण्यात अर्थ नाही. तिथवर सगळ्या फटी प्रशांतच्या होत्या, ही माझी होती.

आम्ही दोघांनी इरफानकडे पाहिलं. सूत्रधाराचा शब्द अखेरचा असतो. त्याने वही घेतली, वाक्य दोनदा वाचलं. त्याला ते आवडलं नाही हे दिसत होतं. पण इरफानचा न्यायाचा स्वतःचा एक हिशेब होता. खेळ चालू असताना नियम बदलायचा नाही. आज प्रशांतच्या विरुद्ध बदलला तर उद्या रोशनीच्या विरुद्ध बदलता येईल. तो म्हणाला, “लिहिलंय तर लिहिलंय.”

प्रशांतने निळं टोपण पांढऱ्या बटणाला टेकवलं. बटण आडवं झालं. म्हातारी पुलाच्या टोकाला बांधलेलीच राहिली.

त्यानंतरचे दोन रविवार मी अनेकदा आठवून पाहिलेत, आणि दरवेळी एकच गोष्ट लक्षात येते. त्या दुपारी मी आणि प्रशांत एकही प्रश्न विचारत नव्हतो. नदीचं पाणी, दिवे, पहारेकऱ्यांची नावं, काहीही नाही. इरफान दोन वाक्यं सांगायचा आणि आम्ही आकडे मोजायला लागायचो. कसलीच भीती नव्हती, कारण काही झालं तरी बटण होतं. भीती नाही म्हटल्यावर बघण्यासारखंही काही उरलं नाही. किल्ल्यामागून किल्ले पडत होते आणि मला त्यातला एकही आज आठवत नाही.

रोशनी चिडली नाही, रडली नाही. तिने चालू घडामोडींचं मासिक आणलं. आपली खेळी आली की बटण उभं करायची. आमच्यापैकी कुणी स्पर्श केला की आडवं करायची. मधल्या वेळात वाचायची, पेन्सिलने खुणा करायची. मी एकदा विचारलं, “कंटाळा आला का?” ती म्हणाली, “नाही. दोन्ही होतंय.” मी तेवढ्यावर समाधान मानलं. समाधान मानणं सोयीचं होतं.

सचदेवांच्या तक्त्यावर सही केली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्या पाच जणांपैकी सरिताला बोलावलं. ती डेटा एंट्री करते. दिल्लीच्या सीमेपलीकडच्या लोणीहून येते, दोन मेट्रो आणि एक शेअर रिक्षा. मी मनात ठरवून टाकलं होतं की तिला घरी बसवायचं. न्याय करण्याची तयारी करून बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जी कळा असते ती माझ्या चेहऱ्यावर असणार.

“सरिता, अगले हफ़्ते से घर से काम करोगी?”

तिचा चेहरा पडला. “क्यों मॅडम? मुझसे कुछ ग़लती हुई?”

“नहीं, हवा ख़राब है इसलिए.”

“मॅडम, यहाँ तो हवा की मशीन लगी है. घर में एक कमरा है, छह लोग हैं. मुझे तो रोज़ आना है.”

बाकीच्या चौघांनाही मग एकेक करून बोलावलं. तिघांना घर हवं होतं, एकाला आठवड्याआड चालणार होतं. नवा तक्ता व्हायला सगळी सकाळ गेली. सचदेवांचं नाव त्यात आठवड्यातून तीन दिवस आलं. ते पुढचे दोन दिवस चहा घ्यायला माझ्या टेबलाशी आले नाहीत. यात मी फार मोठं काही केलं असं नाही. मला एवढंच दिसलं की सही करताना मी सरिताला विचारलं नव्हतं, आणि तिचं भलं ठरवतानाही विचारलं नव्हतं. फरक फक्त तक्त्यात पडला असता, न विचारणं तेच राहिलं असतं.

मुखर्जीनगरच्या त्या हिवाळ्यात, डिसेंबरच्या तिसऱ्या रविवारी इरफान वहीबरोबर ते स्पायरलचं इंग्रजी पुस्तकही घेऊन आला. ब्लँकेट पसरण्याआधी तो म्हणाला, “एक सांगायचंय. माझी चूक आहे.”

त्याने पुस्तक उघडून दाखवलं. मूळ इंग्रजी वाक्यात एक शब्द जास्त होता. स्पर्श करायचा तो ‘इच्छुक’ वैदूला. इच्छुक, म्हणजे जिची तयारी आहे अशी. भाषांतर करताना तो शब्द त्याच्या हातून गळला होता.

“घाईत राहिला,” इरफान म्हणाला. “मला आठवड्यापूर्वी शंका आली, काल तपासलं. तेव्हा आजपासून तो शब्द आहे असं धरायचं.”

“असं कसं?” प्रशांत लगेच म्हणाला. “आपण वहीने खेळतो. सगळ्यांनी वही मान्य केली होती. मधेच मूळ पुस्तक कुठून आलं?”

“प्रशांत, वही त्या पुस्तकावरूनच झालीय.”

“मग वहीत दुसरं काय काय गळलंय ते आधी सगळं तपासा. एकच शब्द का? जो मला नडतो तेवढाच का?”

आणि वाद सुरू झाला. दोघंही तावातावाने बोलत होते आणि खरं सांगायचं तर दोघांचंही म्हणणं पटण्यासारखं होतं. मी मधे पडले, एका जुन्या निकालाचा दाखला दिला, तो त्यांना पटला नाही, मग दुसरा दिला. खोलीत तीन वकील होते. रोशनी मासिक मिटून आमच्याकडे बघत होती. मग ती बोलली.

“तो शब्द वहीत असता तर तुम्ही थांबला असता?”

“अर्थात,” प्रशांत म्हणाला. “नियम म्हणजे नियम.”

“मी नाही म्हटलं होतं. पुलावर. तेव्हा नाही थांबलात.”

ती शांतपणे पुढे म्हणाली, “मला लागत होतं असं नाही. बटणाला काय लागणार? पण मी इथे बसलेली होते. वैशाली, तू तर माझ्या शेजारी बसली होतीस. तू वहीला विचारलंस.”

मी मनात तिसरा दाखला जुळवत होते, तो तिथेच सोडून दिला.

“चला, खेळायचंय ना?” रोशनी म्हणाली आणि तिनेच ब्लँकेट पसरलं. राजमा मांडला. बटण उभं केलं. “माझी खेळी आहे. सावळी उठते आणि निघून जाते.”

“कुठे?” इरफानने विचारलं.

“माहीत नाही. रस्त्याने.”

“लढाईतून असं निघून जाता येत नाही,” प्रशांत म्हणाला. पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. सवयीने बोलत होता. “फासा टाकावा लागेल.”

“चालायला फासा लागत नाही. वहीत बघ.”

लागत नव्हता. तिने बटण एकेक चौकट पुढे नेलं. राजम्याच्या दाण्यांमधून, पुलावरून, ब्लँकेटच्या कडेपर्यंत. इरफान हळू आवाजात सांगत गेला की तिच्या डाव्या हाताला ज्वारीची शेतं लागली, एका ठिकाणी दोन बायका मोट हाकताना दिसल्या, उन्हं कलली. ती ऐकत होती. कडेला पोचल्यावर तिने बटण उचललं, स्वेटरच्या खिशात टाकलं आणि मासिक घेऊन खोलीवर गेली.

आम्ही दोघं पुढच्या तीन खेळ्यांत मेलो.

त्या दिवशी संध्याकाळी मी खोलीवर गेले तेव्हा ती कुकर लावत होती. मी म्हणाले, “चुकलं माझं.” ती म्हणाली, “बरं. वरण पातळ करू की घट्ट?” मला वाटलं होतं की काहीतरी मोठं बोलणं होईल. झालं नाही. आम्ही पातळ वरण-भात खाल्ला आणि तिने मला अर्थशास्त्राचा एक मुद्दा समजावून दिला.

त्यानंतर एक रविवार खेळ झाला नाही. मग एका दुपारी प्रशांत अभ्यासिकेत रोशनीच्या टेबलाशी आला. हातात फुलस्केप कागद होता. त्याने नवा नियम लिहून आणला होता. कलम, दोन पोटकलमं, एक अपवाद, आणि ‘इच्छुक’ शब्दाची व्याख्या. अक्षर सुंदर होतं. तो मेहनत घेऊन आला होता, आणि माफी मागायची त्याची हीच रीत होती हे मला तेव्हा कळलं नाही.

रोशनीने कागद पूर्ण वाचला. “छान लिहिलंय,” ती म्हणाली. “पण हे नको.”

“का? काही राहिलं का?”

“लिहिलंस की तूच त्यात फट शोधशील. तुला ते थांबवता येत नाही, मला माहितेय. नको लिहूस. मला विचारत जा, एवढंच.”

“आणि तू नाही म्हणालीस तर?”

“तर नाही.”

लेखी नसलेल्या गोष्टीवर विसंबायची प्रशांतला सवय नव्हती. मग त्याने कागद चार घड्या करून खिशात ठेवला आणि म्हणाला, “रविवारी येशील?”

ती आली.

आज चौघंही वेगवेगळ्या दिशांना आहोत. प्रशांत दुसऱ्याच वर्षी निवडला गेला. एका दूरच्या राज्यात जिल्हा सांभाळतो आणि लोक त्याच्याबद्दल चांगलं बोलतात. मला त्याचं आश्चर्य वाटतं आणि वाटतही नाही. रोशनी राज्यसेवेतून तहसीलदार झाली, मराठवाड्यात असते, दिवाळीला फोन करते. इरफानचं आयोगाचं जमलं नाही. तो गुरुग्राममध्ये एका उंच इमारतीत बसून मोबाइलवरचे खेळ तयार करणाऱ्या कंपनीत काम करतो. मागे भेटला तेव्हा म्हणाला, “आमच्याकडे एक अख्खी टीम आहे. खेळाडू कुठली फट शोधतील ते आधीच शोधायचं आणि बुजवायची. रोज शंभर बुजवतो, रोज शंभर नव्या निघतात.” मी विचारलं, “आणि खेळाडूंना एकमेकांना विचारता येतं का?” तो हसला. “ते एकमेकांना ओळखतच नाहीत गं.”

त्या हिवाळ्यातल्या जानेवारीत आम्ही चार रविवार खेळलो. त्यातला शेवटचा मला नीट आठवतो. खेळ साधा झाला होता, हळू झाला होता, आणि पुन्हा धोक्याचा झाला होता. आम्ही डोंगरातल्या एका गुहेत होतो. आत कुठेतरी पाणी ठिबकत होतं आणि ते किती अंतरावर आहे हे प्रशांतने स्वतः विचारलं होतं. मग छत कोसळलं. त्याच्या मांत्रिकाला मोठी जखम झाली. डिसेंबरात जुना मेल्यावर हा मांत्रिक त्याने नव्याने उभा केला होता, महिनाभर वाढवला होता, त्याचं एकेक सामर्थ्य त्याला तोंडपाठ होतं. आता त्याच्याकडे दोन प्राण होते आणि दगड अजून पडत होते. माझ्याकडे औषध नव्हतं. सावळी शेजारच्याच चौकटीत होती.

जुन्या वहीप्रमाणे त्याने नुसतं टोपण सरकवायचं होतं. त्याने ते उचललं, हातात धरलं आणि रोशनीकडे पाहिलं.

“रोशनी, घेशील?”

आम्हाला सगळ्यांना वाटलं ती हो म्हणणार. इरफानने तर पुढचं वाक्यही जुळवलं असावं, कारण त्याने तोंड उघडलं होतं. माणूस इतकं नीट विचारतो तेव्हा हो म्हणण्याची आपल्याला सवय असते. रोशनीने आपले प्राण पाहिले. गुहेच्या आतल्या बाजूला पाहिलं, तिथे अजून न उघडलेलं एक दार होतं. तिने खरोखर विचार केला. त्यात राग होता का, जुना हिशेब चुकता करणं होतं का, की ती फक्त खेळत होती, हे मी तिला कधी विचारलेलं नाही.

“नाही,” ती म्हणाली. “मला त्या दारापर्यंत जायचंय.”

प्रशांतने मान हलवली. “ठीके.” त्याने दगड चुकवण्यासाठी फासा टाकला. चार पडले. पुरेसे नव्हते. इरफानने मांत्रिकाचं मरण दोन वाक्यांत सांगितलं, फार सजवलं नाही.

“नवीन पात्र करतोस?” इरफानने विचारलं. “पंधरा मिनिटं लागतील, आम्ही थांबतो.”

“आज नको,” प्रशांत म्हणाला. “तुम्ही खेळा.”

तो भिंतीला टेकून बसला, गुडघे जवळ घेऊन. वही त्याच्या पायाशी होती, त्याने ती उघडली नाही. रोशनीने बटण दारापाशी नेलं आणि इरफानला विचारलं की दार लाकडी आहे की दगडी. इरफान सांगायला लागणार, इतक्यात प्रशांत पुढे वाकून म्हणाला, “थांब, मला पण ऐकू येऊ दे.”